हाच तो नंबर

मी दारावरची नंबराची पाटी बोलतेय. अस्सल पत्र्याची आहे, तेव्हा आवाज गोड असेल अशी आशा ठेवू नका. कानाला लागला तर लागू दे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथं डबे, घमेली, कचऱ्याच्या पेट्या, सगळंच कापायचे. माझ्या शेजारची पट्टी कुठल्याशा डब्याचं झाकण झाली. मला निळा रंग फासला, चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली आणि रंगाऱ्यानं पांढऱ्या रंगात आकडे काढले, २६७. तो दिवसभर आकडेच काढत बसायचा. एकदा सोबत्याला म्हणाला, "एवढ्या लोकांची दारं सजवली, माझ्या खोलीला अजून नंबर नाही." दोघं हसले. मी तेव्हा ओली होते.

पुढं पालिकेचा एक माणूस शिडी खांद्यावर टाकून गल्लीत आला आणि आम्हाला दारोदार लावत सुटला. माझ्या वाट्याला आलं ते दार बुटकं, तपकिरी, खालून पाण्यानं कुजलेलं. गल्लीतलं गटार तुंबलं की घाण पाणी थेट घरात शिरायचं. तक्रारी करून त्या घरानं हात टेकले, शेवटी उंबराच गुडघाभर उंच करून घेतला आणि चढायला बाहेर सिमेंटची पायरी बांधली. माझ्यासाठी चार स्क्रू आणले होते. त्या बाबानं दोनच मारले, दोन खिशात टाकले. तेव्हापासून मी जरा तिरकीच. वरून शेजारच्यांचा पाइप माझ्या डोक्यावर गळायचा. माझा मधला आकडा त्या थेंबांनीच खाल्ला.

दारावर राहून मी एक गोष्ट शिकले. बऱ्या कामासाठी आलेला माणूस माझ्याकडे बघत नाही. पाहुणा बघत नाही, कपडे शिवायला टाकणारी बघत नाही, भांडायला आलेली शेजारीण तर मुळीच बघत नाही. ही सगळी सरळ हाक मारतात. मान वर करून मला वाचतो तो नळ तोडायला आलेला, नाहीतर नोटीस चिकटवायला आलेला, नाहीतर डासांचं औषध न मारताच मारल्याची सही घेऊन जाणारा. म्हणून गल्लीत कुणालाच आपला नंबर पाठ नव्हता. पाठ करून करायचंय काय? घरं माणसांवरून ओळखायची. चष्मेवाल्याचं घर, जुळ्यांचं घर, आणि आमचं मशीनवालीचं घर.

मशीनवाली म्हणजे आमच्या घरची बाई. खिडकीशी शिलाई मशीन, दिवसभर खडखड. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, कधीमधी उगवायचा. बाईचं तोंड फटकळ. एखादी म्हणाली, "ताई, कंबर जरा सैल करा ना," की ही म्हणायची, "किती वेळा सैल करू? शिलाईत कापड संपलं आता, ताटातलं कमी कर." तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही, कारण हात सोन्याचा होता.

मग तिच्या नवऱ्याची थोरली बहीण राहायला आली. मशीनवाली तिला वन्सं म्हणायची. वन्संचा नवरा गेला, भाड्याची खोली सुटली, तेव्हा एक पिशवी आणि एक उशी घेऊन त्या आमच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. सारा जन्म लॉन्ड्रीत इस्त्री करण्यात गेलेला. मनगटं पुरुषासारखी. पण स्वभाव असा की पाणी पितानासुद्धा विचारायच्या. "मी काय बाई, पाहुणी इथली," हे त्यांचं पालुपद.

"पाहुणी म्हणता आणि सगळ्या घरावर इस्त्री फिरवता," मशीनवाली म्हणायची. "आमटीत मीठ कुणी घातलं?"

"मी."

"दोनदा?"

"एकदा मी, एकदा तू. तोंड चालू असलं की हाताकडं लक्ष नसतं तुझं."

अशी त्यांची जुगलबंदी चालायची. दाराआडून ऐकून ऐकून मला त्याची सवय झाली होती. भांडणं थांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं.

आणि एक दिवस ती थांबली. वन्सं बाजारातून आल्या आणि पायरीवरच बसल्या. वर चढेनात. ओठ निळसर पडले होते, माझ्या रंगाच्या जवळ जाणारे. मशीनवालीनं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. परत आल्यावर दोघी पायरीवर टेकल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. हृदयाची झडप खराब झालीय. बदलावी लागेल. ऑपरेशन सरकारच्या आरोग्य योजनेत बसतं, योजनेचं कार्ड दाखवलं की डॉक्टर तारीख देणार. कार्ड नसेल तर गोळ्या खा आणि बसा.

"एवढा खटाटोप कुणासाठी? मी काय बाई, पाहु—"

"पुढचा शब्द काढलात तर इथंच दाबून टाकीन," मशीनवाली म्हणाली.

कार्डासाठी ती पालिकेच्या कचेरीत फेऱ्या घालू लागली. वन्संना नुसतं "कचेरीत जाते" एवढंच सांगायची. जास्त सांगितलं तर त्या नको नको म्हणत बसतील, ही तिची भीती. आता नेमकं त्याच सुमाराला पालिकेच्या लोकांनी गल्लीतल्या पायऱ्यांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या होत्या. रस्त्यावर पुढं आलेलं बांधकाम पाडणार म्हणे. आमच्या पायरीवरही फुली होती. वन्संनी मनाशी धरलं, भावजय पायरीसाठीच कचेरीचे उंबरे झिजवतेय. आपल्यासाठी कुणी एवढं करील, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

कचेरीत अडलं ते माझ्यावर. वन्सं या घरात राहतात हे दाखवायला दारासकट माझा फोटो हवा होता. मशीनवालीनं तिच्या जुन्या फोनवर काढला. खिडकीवरच्या माणसानं परत केला. मधला आकडा सहा आहे की नऊ, दिसत नाही. पुन्हा काढला. ऊन पडलं, मी नुसती चकाकले. पुन्हा परत. घरी येऊन बाई दाराशी उभी राहून मलाच शिव्या द्यायला लागली. मी काय करणार? पाइपाला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मशीनच्या खणातून पेचकस काढला आणि मला दारावरून उतरवलं.

"अगं, पाटी कुठं नेतेस?" वन्संनी खिडकीतून विचारलं.

"आल्यावर सांगते," म्हणत तिनं मला उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलं, पिशवीत कोंबलं आणि निघाली. दार मागं भुंडं राहिलं. माझ्या जागी फिकट चौकोन तेवढा होता.

मी पहिल्यांदाच जग बघितलं, तेही पिशवीच्या तोंडातून. कचेरीतली रांग बाहेरच्या जिन्यापर्यंत होती. कुणी कुबड्या घेऊन, कुणी लेकरू खांद्यावर टाकून. काचेला खालच्या बाजूला एवढीशी फट, त्यामुळे बोलणाऱ्या प्रत्येकाला वाकावं लागायचं. आतला मात्र ताठ बसलेला. मधेच त्याचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तो उठून गेला. समोरचा माणूस वाकलेलाच राहिला, न जाणो लगेच आला तर.

आमची पाळी आली तशी मशीनवालीनं मला फटीतून आत सरकवलं. काचेवर असा आवाज झाला की रांग गप्प झाली.

"घ्या. सहा की नऊ, बोट लावून बघा."

"अहो बाई, घरच उचलून आणलंत की काय?"

"फटीतून गेलं असतं तर तेही आणलं असतं."

रांग हसली. तोही हसला. मला हातात घेतलं, नखानं गंज खरवडला आणि म्हणाला, "सहा." टकटक करून त्यानं ते लिहून टाकलं. खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. कुणाच्या भल्यासाठी मला कुणीतरी पहिल्यांदा वाचत होतं.

"झालं बघा. आता आमचा पडताळणीवाला घरी येईल. पेशंट तिथंच राहतात हे बघितलं की कार्ड."

"घरी? हे कुणी बोललं नव्हतं. कधी येणार?"

"आज तुमच्याच भागात गेलाय. तुमचं नाव कालच त्याच्याकडं गेलंय."

"काल? मग सहा-नऊचं काय घेऊन बसला होतात माझ्याशी?"

"ते या खिडकीचं काम, बाई. घर बघणं हे त्याचं काम."

मशीनवालीनं मला ओढून घेतलं आणि ती जी धावत सुटली. पिशवीत मी तिच्या बरगड्यांवर आपटत होते. धावताना ती पुटपुटत होती, "थांब रे बाबा, थांब जरा, आलेच."

वन्सं खिडकीत बसल्या होत्या. चेहरा इतका उजळलेला की आजार पळाल्यासारखा.

"अगं, एक आला होता," त्या लांबूनच म्हणाल्या. "हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. म्हणे दोनशे सदुसष्ट कुठंय? मी म्हटलं, असला नंबर इथं नाही. म्हणे, या दाराला पाटी कशी नाही? मी म्हटलं, कधी नव्हतीच! चष्मेवाल्याला विचारलं त्यानं, तर तो म्हणाला, मला माझाच ठाऊक नाही. गेला आला तसा. तू पाटी काढून नेलीस ना, तेव्हाच मी ओळखलं तुझं डोकं. पायरी वाचवली आपण!"

मशीनवालीनं तोंड उघडलं. ज्या बाईनं उभ्या जन्मात एक शब्द गिळला नव्हता, तिला मी तेव्हा गिळताना बघितलं.

"बरं केलंत, वन्सं," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला परत लावलं ते चार स्क्रूंनी. दोन तिच्या खणातले. इतके आवळले की माझा एक कोपरा वाकला.

पुढं फेऱ्याच फेऱ्या. घर सापडलं नाही असा शेरा पडला होता. आता पडताळणीवाल्याची पुढची फेरी होईल तेव्हा. कधी? सांगता येत नाही, त्याच्याकडं चार भाग आहेत. डॉक्टर म्हणायचे, कार्ड आणा. खिडकीवाला म्हणायचा, वाट बघा. वन्संच्या पायांना सूज चढली. झोपताना त्यांना उशीवर उशी लागू लागली, नाहीतर दम कोंडायचा.

मग पेशंटचा नवा फोटो हवा म्हणून वन्संनाच कचेरीत न्यावं लागलं. भाड्याच्या गाडीतून त्या परतल्या तेव्हा आत न जाता पायरीवर बसून राहिल्या. मशीनवालीही बसली. मग वन्सं म्हणाल्या,

"खिडकीवाल्यानं शेरा मोठ्यानं वाचला गं. पाटी नसलेल्या घरातल्या बाईनं सांगितलं, असा नंबर नाही. रांगेतले सगळे माझ्याकडं बघत होते."

"बघू दे."

"मला आधी का नाही बोललीस?"

"बोलून काय दिवे लागणार होते?"

"मला वाटलं, मी घर वाचवलं."

"वाचवलंतच की. बसलाय कशावर आत्ता?"

वन्संनी पायरीवरून हात फिरवला आणि कपाळाला हात लावला. "माझ्यासाठी हिंडत होतीस होय? मी काय बाई…" पुढचा शब्द त्यांनी त्या दिवसापासून टाकला. मी पुन्हा कधी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वन्संनी खुर्ची दारात आणली. माझा नंबर पाठ केला. जो दिसेल त्याला हाका. भाजीवाल्याला, पार्सलवाल्याला, रस्ता चुकलेल्याला. "कोण पाहिजे? दोनशे सदुसष्ट ना? हाच तो नंबर! मीच ती, इथंच राहते!" चष्मेवाला म्हणाला, "आजी, आता मला तुमचा पाठ झाला, माझा नाही." रोज सकाळी त्या ओल्या फडक्यानं मला पुसायच्या. हात वर केला की धाप लागायची, तरी पुसायच्या. तेवढं लख्ख मला कारखान्यातसुद्धा कुणी ठेवलं नव्हतं. आणि मला वाईट वाटायचं, कारण चमकून काही होत नाही हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी मशीनवाली धागे आणायला गेली होती. गल्लीच्या तोंडाशी चारपाच माणसं आली. पुढच्याच्या हातात कागद, मागच्यांच्या खांद्यावर घण आणि पहार. दारोदार वर बघत, नंबर वाचत येत होती. गल्लीतल्या लोकांनी भराभर दारं लावून घेतली. जुळ्यांच्या आईनं पाटीवर टॉवेल वाळत घातला. वन्संनी सगळं बघितलं. खुर्चीचे हात धरून त्या उठून उभ्या राहिल्या.

"दोनशे सदुसष्ट?" मुकादमानं विचारलं.

"हाच तो नंबर," वन्सं म्हणाल्या.

"खात्री आहे?"

"मीच राहते इथं. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. मग पायरी फोडली. घणाच्या दणक्यांनी दार हादरत होतं, मी हादरत होते. वन्सं उंबऱ्याच्या आत भिंत धरून उभ्या होत्या. तरी एकेकाला विचारत होत्या, "बाबा, तुमच्यात योजनेचा कुणी आहे का?"

मशीनवाली आली तेव्हा दारासमोर खडी पडली होती. ती कडाडली, "वन्सं, त्यांच्या हातातले घण दिसले नाहीत का तुम्हाला?"

"दिसले."

"मग?"

"त्यांच्यातच तो असला तर?"

मशीनवाली खडीतच मटकन बसली. रडली नाही. पायरीचे तुकडे गोळा करून एकावर एक रचायला लागली. ते काही टिकले नाहीत.

त्यानंतर वन्सं त्या दारातून आपल्या पायांनी कधी उतरल्या नाहीत. गुडघाभर उंबरा, खाली पोकळी. खुर्ची मात्र दारातच असायची, आवाज रोज थोडा बारीक व्हायचा. शेवटी एके सकाळी हाक अर्ध्यातच राहिली. चष्मेवाल्यानं आणि जुळ्यांच्या बापानं त्यांना खुर्चीसकट उचलून खाली उतरवलं. माझ्याखालून जाताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मशीनवाली एका हातानं त्यांचं डोकं सांभाळत होती, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. "घाबरू नका, मी आहे," म्हणत होती. दवाखान्यात खाट मिळाली, ऑपरेशनची तारीख मिळाली नाही. दोन रात्री मशीनवाली घरी आली नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची एकटी परत आली.

मशीन बरेच दिवस बंद होतं. नवरा आला, रडला, ट्रक घेऊन गेला. ऊन कडक झालं तेव्हा कुणीतरी गल्लीत आलं. एकटाच, घामाघूम, गळ्यात ओळखपत्र. मान वर करून त्यानं मला वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. हसून म्हणाला,

"सापडलं एकदाचं! गेल्या खेपेला फार हिंडलो होतो. पेशंट आहेत का घरात? नुसतं बघायचंय."

मशीनवाली दारात आली. पायरी नव्हती म्हणून तो खाली आणि ती वर. मला वाटलं, आता ही याला फाडून खाणार.

"उशीर केलास," ती म्हणाली.

त्याला कळलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तरुण नव्हता, थकलेला होता. "माझ्याकडं चार भाग आहेत हो, ताई," तो म्हणाला. मग कागदाकडं बघत, "इथं दोनच रकाने आहेत. राहतात, राहत नाहीत. काय लिहू?"

"आधी नंबर वाच."

"दोनशे सदुसष्ट."

"मोठ्यानं."

"दोनशे सदुसष्ट!"

ती मागं वळली. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आला बघा वन्सं, तुमचा माणूस." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "लिही आता तुला काय लिहायचं ते." आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. तो खाली उभ्यानंच काहीतरी लिहून गेला. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

आता गल्लीत नवे नंबर पडणार आहेत, असं परवा दोघं मोजणी करताना बोलत होते. मला उतरवतील. भंगारात जाईन, झाकण होईन, काहीही होईन. त्याचं दुःख मला नाही. मला आता कुणी पुसत नाही, गंज पुन्हा मधल्या आकड्यापाशी आलाय, येऊ दे.

एकच मागणं आहे, तेही तुम्हा कागदवाल्यांकडं. कुणाच्या दारात गेलात तर नंबर मागाहून विचारा. आधी तोंडानं सांगा, द्यायला आलोय की तोडायला. आतल्या माणसाला तेवढं कळलं तर ते आपण होऊन सांगतं, मीच ती, इथंच राहते. त्याला पाटी लागत नाही.